व्यवसायाच्या नोंदी आणि कोर्टाची केस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरवलेल्या मालाचे पैसे थकले, चेक परत आला, भागीदारांत बिनसलं किंवा समोरच्याचीच नोटीस येऊन पडली, की दुकानदार असो वा कारखानदार, पहिल्यांदा कपाट उघडतो आणि मग कॉम्प्युटर. तेव्हा काय हाती लागतं, यावर पुढचं बरंच ठरतं. लहान-मध्यम व्यवसाय करणाऱ्यांकडून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. भर वसुलीच्या दाव्यांवर आहे, कारण बहुतेक व्यापाऱ्यांना कोर्टाची पायरी त्यासाठीच चढावी लागते. उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: व्यवहार झाला त्याच दिवशी, रोजच्या कामाच्या ओघात झालेल्या नोंदीला कोर्टात वजन असतं. वाद पेटल्यावर तयार केलेला कागद कितीही देखणा असला तरी उलटतपासणीत उघडा पडतो. आपल्या केसचे बारकावे मात्र आपल्या वकिलांशीच बोलावेत.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टीचं पूर्ण खातं आहे. वसुली दाव्याला तेवढं पुरेल ना?

नाही पुरणार. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम २८ प्रमाणे धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेली हिशेबाची पुस्तकं पुराव्यात घेता येतात, मग ती कागदी असोत वा कॉम्प्युटरवरची. पण त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की केवळ या नोंदींच्या जोरावर कोणावर देणं लादता येणार नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ मध्येही हेच होतं. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने जैन हवाला प्रकरणात याच कलमाचा अर्थ लावताना सांगितलं, की सुटे कागद म्हणजे हिशेबाचं पुस्तक नव्हे आणि पुस्तकातल्या नोंदीलाही बाहेरच्या स्वतंत्र पुराव्याचा आधार लागतो.

कारण उघड आहे. खातं तुम्हीच लिहिता. तुमच्याच लिखाणावर दुसऱ्याला देणेकरी ठरवायचं, तर त्या प्रत्येक नोंदीमागे काहीतरी घडलं होतं हे दाखवावं लागतं.

मग खात्याच्या मागे नेमके कोणते कागद उभे करायचे?

बचावातलं ठरलेलं वाक्य असतं, ‘माल मिळालाच नाही’. त्यामुळे एकेका बिलाची सगळी साखळी हाताशी हवी. ऑर्डर कशी आली (परचेस ऑर्डर, मेल किंवा मेसेज), डिलिव्हरी चलन, वजनकाट्याची पावती, ट्रान्सपोर्टची एलआर (माल गाडीत घेतल्याची पावती), ई-वे बिल (माल वाहून नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना), टॅक्स इनव्हॉइस, त्या महिन्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) आणि आलेल्या रकमेचा बँकेतला जमा उतारा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या आतल्या मालाला ई-वे बिल लागत नाही. अशा व्यवहारांत चलन आणि एलआर यांच्यावरच सगळा भार येतो.

यातला सर्वांत कच्चा दुवा चलनाचा असतो. गेटवरचा माणूस खाली एक वळवळीत रेघ ओढतो आणि टेम्पो परत येतो. दोन वर्षांनी ती रेघ कोणाची, हे कोणीच सांगू शकत नाही. ड्रायव्हरला सक्त सांगून ठेवा: घेणाऱ्याचं नाव सुवाच्य अक्षरात, सही, तारीख, वेळ आणि कंपनीचा शिक्का, हे सगळं आपल्याकडे परत येणाऱ्या प्रतीवर. शिक्का नसेल तर निदान नाव आणि मोबाइल नंबर. मोठ्या कंपनीत माल गेला असेल तर त्यांच्या स्टोअरची माल मिळाल्याची पोच मागून घ्या. ती त्यांच्याच सिस्टीममधून निघालेली असल्यामुळे नाकारणं अवघड जातं.

काट्याच्या आणि टोलच्या पावत्या थर्मल कागदावर असतात. काही महिन्यांत त्यावरची अक्षरं उडतात आणि हातात कोरी पट्टी राहते. पावती आली त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा आणि मूळ पावतीसोबत पिन करा.

जीएसटीमुळे वसुलीत एक चांगला आधार मिळाला आहे. तुम्ही बिल जीएसटीआर-१ मध्ये टाकलं की ते खरेदीदाराच्या २-बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या त्याच्या खरेदीच्या पत्रकात, दिसतं. त्याने त्या बिलावर इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलं असेल, तर ‘माल आलाच नाही’ म्हणताना त्याची पंचाईत होते, कारण माल मिळाल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. त्याची विवरणपत्रं तुम्हाला मिळणार नाहीत. पण ती हजर करायला लावा, असा अर्ज वकील कोर्टात देऊ शकतात.

सगळी बोलणी व्हॉट्सअ‍ॅपवर झाली आहेत. ती चालतील?

चालतील, पण स्क्रीनशॉटचे प्रिंट काढून फाईलला लावले आणि काम झालं, असं नाही. आधी तो फोन जपा. नवा हँडसेट घेताना जुना एक्सचेंजमध्ये देऊ नका. त्या चॅटमध्ये आपोआप मेसेज पुसण्याची सोय चालू असेल तर ती आजच बंद करा. मग चॅट एक्स्पोर्ट करा आणि मीडियासह करा, नाहीतर पाठवलेले फोटो, बिलांच्या पीडीएफ आणि व्हॉइस नोट मागे राहतात.

एक बारकावा फार जणांच्या लक्षात येत नाही. एक्स्पोर्ट केलेल्या फाईलमध्ये समोरच्याचा नंबर दिसत नाही, तुमच्या फोनमध्ये तो ज्या नावाने सेव्ह आहे ते नाव दिसतं. म्हणजे कोर्टापुढे जाणारा कागद म्हणतो ‘पप्पूशेठ लातूर’. हे पप्पूशेठ म्हणजेच प्रतिवादी, हे दाखवायला त्या कॉन्टॅक्टच्या माहितीचं पान वेगळं जपावं लागतं, ज्यात नंबर स्पष्ट दिसतो. तोच नंबर त्यांच्या लेटरहेडवर, बिलबुकावर किंवा जीएसटी नोंदणीत सापडला तर फारच उत्तम.

आणि निळ्या खुणा म्हणजे कबुली नव्हे. ‘पुढच्या आठवड्यात साठ हजार टाकतो, बाकीचं दिवाळीनंतर’ हा मेसेज उपयोगाचा. तुमच्या लांबलचक हिशेबावर समोरून आलेला अंगठा वादाचा विषय होऊ शकतो. म्हणून फोनवर काही ठरलं, की लगेच ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून रक्कम आणि तारीख लिहून पाठवा आणि लेखी उत्तर येऊ द्या.

६५-ब चं प्रमाणपत्र म्हणतात ते काय? आता ते रद्द झालं का?

रद्द झालेलं नाही, कलमाचा आकडा बदलला आहे आणि अट वाढली आहे. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली लागायचं. आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली लागतं आणि त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच छापलेला आहे. नमुन्याचे दोन भाग आहेत. भाग अ, ज्याच्या ताब्यात तो कॉम्प्युटर, फोन किंवा ते कामकाज आहे त्याने भरायचा. भाग ब तज्ज्ञाने भरायचा. दोन्ही भागांत फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते (ती काय, ते पुढच्या प्रश्नात). प्रमाणपत्र इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबतच द्यायचं असतं आणि जितक्या वेळा अशी नोंद पुराव्यासाठी दाखल कराल तितक्या वेळा द्यायचं असतं.

हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, हे ठरलं ते महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला, असा वाद कैलास गोरंट्याल यांनी न्यायालयात नेला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा, आणि त्याचं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकारी देत नव्हते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अन्वर विरुद्ध बशीर या २०१४ च्या निकालाप्रमाणे प्रमाणपत्र सक्तीचंच आहे. मात्र मूळ उपकरणाचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून तेच उपकरण हजर करत असेल, तर त्याची गरज नाही. आणि ज्याने प्रमाणपत्र द्यायचं तो देतच नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून ते मागवता येतं.

व्यापाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. फोन किंवा लॅपटॉप जपलात तर हातात एक जादा रस्ता राहतो. आणि ज्यांच्याकडून प्रमाणपत्र लागणार, म्हणजे ट्रान्सपोर्टवाला, सोसायटीचा सीसीटीव्ही सांभाळणारा, सॉफ्टवेअर पुरवणारा, त्यांना मागणी लेखी करा आणि पोच ठेवा. तोंडी मागितल्याचा पुरावा राहत नाही.

तज्ज्ञाच्या सहीची अट लहान दुकानदाराला जड जाते, हे माझं स्पष्ट मत आहे. तीन-चार लाखांच्या थकबाकीसाठी हा वेगळा खर्च आणि धावपळ त्याने करावी, ही अपेक्षा रास्त वाटत नाही. पण कायदा आहे तसा पाळावाच लागतो. त्यामुळे दावा दाखल करायच्या आधीच वकिलांना विचारून भाग ब कोणाकडून घ्यायचा ते ठरवा.

हॅश व्हॅल्यू म्हणजे काय? ती मी काढू शकतो का?

फाईलमधला सगळा मजकूर गणिती सूत्रातून काढला, की एक ठरावीक लांबीची आकड्या-अक्षरांची ओळ मिळते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. फाईलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. त्यामुळे आज दिलेली फाईल आणि मूळ फाईल एकच आहे, हे पडताळता येतं. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा असतेच, कॉम्प्युटरचं काम बघणारा मुलगा ती दोन मिनिटांत चालवून दाखवेल.

फाईलचं नाव बदललं किंवा ती पेनड्राइव्हवर कॉपी केली तर हॅश बदलत नाही. एक्सेलची फाईल उघडून सहज सेव्ह केली, तर मात्र बहुधा बदलते. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला तर तो दाबून लहान केला जातो, म्हणजे पोहोचते ती दुसरीच फाईल. वकिलांना पुराव्याचे फोटो पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, किंवा सरळ पेनड्राइव्हवर द्या. मूळ फाईल एका फोल्डरमध्ये ठेवून तिला हात लावायचा नाही, बघायला आणि छापायला कॉपी वापरायची, एवढी सवय लागली तरी खूप झालं.

तीन वर्षं होऊन गेली की पैसे बुडाले का?

मुदतीचा कायदा, १९६३ प्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीसाठी तीन वर्षांत दावा लावावा लागतो. उधारीची मुदत ठरली नसेल तर माल दिल्यापासून, ठरली असेल तर ती मुदत संपल्यापासून. पण तीन वर्षं संपण्याच्या आत देणेकऱ्याने लेखी आणि सहीनिशी देणं मान्य केलं, तर कलम १८ खाली त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. समजा उधारीची मुदत न ठरवता १० जून २०२३ ला माल दिला, आणि ५ मार्च २०२५ ला पार्टीने बाकीच्या पत्रकावर (किती देणं बाकी आहे ते दाखवणाऱ्या कागदावर) सही केली, तर मुदत ५ मार्च २०२८ पर्यंत गेली. ही सही २०२६ च्या जुलैमध्ये झाली असती तर कलम १८ चा काही उपयोग नव्हता. तेव्हा फक्त करार कायद्याच्या कलम २५(३) चा आधार उरतो, आणि त्यासाठी ‘मी हे पैसे देईन’ असं लेखी, सही केलेलं वचन लागतं.

म्हणून दर वर्षी ३१ मार्चनंतर प्रत्येक उधारी पार्टीकडून बाकीच्या पत्रकावर सही-शिक्का घ्या. संबंध चांगले असताना ते कोणी नाकारत नाही. वाद झाल्यावर कोणी देत नाही. व्यवसायात करण्यासारखं स्वस्त आणि सर्वांत मोलाचं काम मला विचाराल तर हेच.

समोरच्या वकिलाची नोटीस आली. पहिलं काय करू?

पुसणं थांबवा. मेलबॉक्समधलं जुनं आपोआप डिलीट होत असेल, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी स्वतःवरच पुन्हा लिहिलं जात असेल, बॅकअपची डिस्क फिरवून वापरली जात असेल, तर संबंधित काळाचं सगळं तातडीने बाजूला काढा. अकाउंटंट, सेल्समन, गोडाऊनवाला यांना लेखी कळवा की या पार्टीसंबंधी कागद, मेल, मेसेज काहीही काढून टाकायचं नाही.

दुसरं, टॅलीत जाऊन ‘दुरुस्ती’ करू नका. चूक असेल तर आजच्या तारखेने वेगळी नोंद टाका आणि कारण लिहा. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असं अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. मालकी किंवा भागीदारी पेढीला ही सक्ती नाही, तरी ती सोय चालू ठेवा. उलटतपासणीत ‘ही नोंद नंतर घातली’ असा आरोप हमखास होतो, तेव्हा तोच लॉग तुमच्या बाजूने बोलतो.

मुद्दाम पुसणं हा गुन्हा आहे. कोर्टात हजर होऊ नये म्हणून दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिवाय हाती असलेला पुरावा दडवला, तर तो तुमच्या विरुद्धच असणार असं कोर्ट गृहीत धरू शकतं.

आपल्याला अडचणीचा एखादा मेल असेल तर तो द्यायलाच हवा का?

व्यापारी व्यवहाराचा वाद असेल आणि रक्कम तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर तो व्यापारी न्यायालय कायदा, २०१५ खाली जातो. तिथे दाव्यासोबतच वादाशी संबंधित, तुमच्या ताब्यातले सर्व कागद उघड करावे लागतात, ते तुमच्या बाजूचे असोत की विरुद्ध. जो कागद तेव्हा दिला नाही, तो नंतर वापरायला कोर्टाची परवानगी आणि सबळ कारण लागतं. ‘आत्ताच कपाटात सापडला’ हे दर वेळी चालत नाही. प्रतिवादी असाल तर कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, १२० दिवसांच्या आत गेलीच पाहिजे, त्यानंतर तो हक्क जातो.

तो मेल वकिलांना पहिल्याच भेटीत दाखवा. तो समोरच्याकडेही असतोच, आणि आपल्या वकिलांना तो भर कोर्टात पहिल्यांदा दिसणं सगळ्यात वाईट.

तातडीचा हुकूम नको असेल तर दावा लावण्याआधी मध्यस्थीचा टप्पाही सक्तीचा आहे. त्यात जाणारा काळ मुदतीतून वगळला जातो.

चेक परत आला आहे. काय काय जपायचं?

इथे तारखा कडक आहेत. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत भरलेला हवा. बँकेकडून तो परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला, आणि ते संपल्यापासून एक महिन्यात फिर्याद. मूळ चेक, बँकेचा रिटर्न मेमो, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगचा प्रिंट एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. ट्रॅकिंगची माहिती वेबसाइटवर कायम राहत नाही, त्यामुळे प्रिंट लगेच काढा. नोटीस ‘घेतली नाही’ असा शेरा मारून परत आली, तर तो लिफाफा अजिबात उघडू नका. बंद लिफाफाच कोर्टात जातो.

बँकेचा उतारा नेटबँकिंगवरून काढला तर?

स्वतःच्या माहितीसाठी ठीक. कोर्टासाठी शाखेतून बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा, १८९१ खालच्या प्रमाणपत्रासह घ्या. अर्ज दिला की मिळतो.

कागद किती वर्षं ठेवायचे?

कंपनीला हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने; म्हणजे २०२३-२४ च्या नोंदी ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा अंतिम निकाल लागल्यानंतर आणखी एक वर्ष, यांतलं जे उशिराचं असेल ते. वाद चालू असलेल्या पार्टीची फाईल मात्र यातल्या कुठल्याही हिशेबात धरू नका, ती वेगळी काढा आणि वर लाल अक्षरात लिहा.

ग्राहकाने आपली वैयक्तिक माहिती पुसायला सांगितली तर काय, असंही विचारतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये कायद्याने जपावी लागणारी माहिती ठेवता येते, आणि कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीलाही सूट आहे. पण त्या नावाखाली सगळंच साठवत बसू नये.

बिलं बनवणारा माणूस नोकरी सोडून गेला. आता साक्ष कोण देणार?

हा प्रश्न लोक फार उशिरा विचारतात. कोर्टात कागद आपोआप सिद्ध होत नाही. तो कोणी बनवला, रोजची पद्धत काय, कॉम्प्युटर कोणाच्या ताब्यात, हे कोणीतरी शपथेवर सांगावं लागतं. म्हणून माणूस सोडून जाताना त्याचा लॅपटॉप लगेच फॉरमॅट करून नव्या मुलाला देऊ नका. कामाचा मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप कंपनीच्या नावच्या सिमवर असावा, सेल्समनच्या खासगी नंबरवर नव्हे, नाहीतर माणसाबरोबर सगळी बोलणीही जातात. पेढीची बिलिंगची पद्धत मालक किंवा भागीदाराला स्वतः माहीत असली पाहिजे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून ‘ते अकाउंटंटला विचारा’ म्हणणारा मालक स्वतःचीच केस पाडतो.

वकिलांकडे मूळ कागद द्यायचे का?

सुरुवातीला झेरॉक्स द्या. मूळ कागद दाखल करायच्या वेळी यादीवर सही घेऊन द्या. सोबत एका पानावर घटनाक्रम लिहा: तारीख, काय घडलं, त्याचा कागद कोणता. कॉम्प्युटरवरच्या फाईलींच्या नावात तारीख पुढे घ्या, आधी वर्ष मग महिना, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात.

वकिलांशी झालेली बोलणी गोपनीय राहतात. सीएशी झालेल्या बोलण्यांना पुरावा कायद्यात तसं संरक्षण नाही. केसची डावपेचाची चर्चा सीएच्या मेलवर करू नका.

निकाल आपल्या बाजूने लागला. आता फाईल बंद?

नाही. व्यापारी न्यायालयाच्या निकालावर अपिलाला ६० दिवस असतात, ते जाऊ द्या. अपील झालं नाही किंवा त्याचाही निकाल लागला, की दाखल केलेले मूळ कागद परत मिळण्यासाठी अर्ज करा, नाहीतर ते रेकॉर्ड रूममध्येच राहतात. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा. पैसे आपणहून आले नाहीत तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, करावी लागते आणि तिची मुदत १२ वर्षं आहे. तोवर देणेकऱ्याचा प्रत्येक चेक, त्याच्या बँकेचं नाव, सातबारा किंवा फ्लॅटचा तपशील, गाडीचा नंबर जे जे कळेल ते त्याच फाईलमध्ये तारखेसह लिहीत जा, कारण जप्तीचा अर्ज देताना कोर्ट आधी तेच विचारतं.